जिभेखालची दहा मिनिटं

बारावीच्या वर्षी काही दिवस रोज सकाळी मी माझ्या आईला तोंड उघडायला लावून तिची जीभ तपासायचे. "आ कर," म्हणायचे, "आता जीभ वर घे," म्हणायचे, आणि ती निमूट जीभ वर घ्यायची. स्वतःच्या आईला असं करायला लावणारी मुलगी दिसते कशी, हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं माझा तेव्हाचा हॉलतिकिटावरचा फोटो बघावा. दोन वेण्या, कपाळावर भस्माची तीन बोटं आणि चेहऱ्यावर मास्तरणीचा तोरा. माझी जीभ लहानपणापासून तिखट, गावात सगळ्यांना ठाऊक होती. पण त्या वर्षी ती जी चालली तशी पुन्हा कधी चालली नाही, आणि आता पन्नाशी समोर दिसायला लागल्यावर वाटतं, तपासायची होती तर माझीच तपासायला हवी होती.

घाटनांदूरला आमचं कापडाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. पडद्यापलीकडून दिवसभर कापड फाडल्याचा टर्रकन आवाज यायचा आणि अलीकडं आईच्या भाकरीचा. ज्वारीची भाकरी ती परातीत थापायची तेव्हा तिच्या बांगड्या आणि हात एका ठेक्यात चालायचे. स्टेशनात गाडी शिरल्याची शिट्टी झाली की अप्पा पडद्याआडून म्हणायचे, "ऐकलं का, गाडी आली," म्हणजे जेवायला वाढा. घरात आम्ही चौघं. अप्पा, म्हणजे माझे वडील. आई. अप्पांची थोरली बहीण आत्याबाई, जी तरुणपणीच विधवा होऊन माघारी आलेली आणि घराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायची. आणि मी, नंदा. माझ्या पाठीवर भावंड झालं नाही. झालं असतं, पण त्यातच आईची गर्भाची पिशवी काढावी लागली, आणि या गोष्टीला तिथून सुरुवात झाली.

ऑपरेशननंतर तिची कंबर दुखायची. डॉक्टरांनी एक कॅप्सूल लिहून दिली. ती घेतली की आई उठून उभी राहायची, पदर खोचायची आणि तासाभरात घर चकाचक. चिठ्ठी घेऊन स्टँडजवळच्या मेडिकलवर मीच जायचे. पुढं पुढं चिठ्ठीसुद्धा लागेना, मला बघितलं की दुकानदार आपणहून पट्टी काढायचा. आम्ही तिला 'आईची गोळी' म्हणायचो, जसा अप्पांचा चष्मा, आत्याबाईची तपकीर, तशी आईची गोळी. गोळी घेतलेली आई येसराचा मसाला भाजायला बसायची. सगळ्या घरात धन्या-मिऱ्याचा खमंग वास सुटायचा, आणि ती तिच्या माहेरच्या, कड्याच्या गोष्टी सांगायची. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावभर मळीचा वास कसा सुटायचा, ती आणि तिचा भाऊ उसाच्या बैलगाडीमागं कसे पळायचे. न घेतलेली आई भिंतीकडं तोंड करून पडायची. मला गोळी घेतलेली आईच आवडायची. हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे.

माझी अकरावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात ती चुलीपुढं बसल्या बसल्या ताठ झाली. डोळे वर, दातखीळ, हात-पाय झटकायला लागले. भाकरी तव्यावर जळत होती आणि आत्याबाई तिच्या नाकाला कांदा लावत ओरडत होती, "भाईरचं हाय, भाईरचं!" बाहेरचं काही नव्हतं. ज्वारीच्या कोठीत हात घातला तर आतून रिकाम्या पट्ट्या निघाल्या, ओंजळी भरभरून. सकाळी दोन घ्यायची ती बाई दिवसाला किती घेत होती ते तिलाही सांगता येईना. अप्पा कोठीपुढं उकिडवे बसले आणि नुसते "अरारारा" म्हणत राहिले.

अंबाजोगाईला आम्ही तिला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मनाच्या आजाराच्या डॉक्टर म्हटल्यावर आत्याबाई यायलाच तयार नव्हती. बाई शांत होत्या, माझ्या वयाच्या पोरीलाही अहो-जाहो करायच्या. त्यांनी सांगितलं की ही दुखण्याची कॅप्सूल अफूच्या जातीची. शरीर तिला सोकावतं, मग नुसतं बंद करून भागत नाही, बंद केली की जीव जातोय असं वाटतं, आणि फार घेतली की अशी फिट येते. अप्पांनी खाली मान घालून विचारलं, "म्हंजे व्यसन म्हनायचं का, मॅडम?" बाई म्हणाल्या, "आजार म्हणा. साखरेचा असतो, बीपीचा असतो, तसा." घरी आल्यावर आत्याबाईनं हे ऐकलं आणि नाकात तपकीर ओढून म्हणाली, "दारू पिनारे बघितले, गांजा वडनारे बघितले. गोळीची बाई आपल्याच घरात निगायची होती." आई तिथंच शेंगा फोडत बसली होती. तिनं फोडायच्या थांबवल्या नाहीत.

मग पुढचे आठ-दहा दिवस आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवून घेतलं. तिला एक नवीन गोळी सुरू झाली. पोटात घ्यायची नाही, जिभेखाली ठेवायची. त्या गोळीनं आई अशी काही सुधारली की मी भेटायला गेले तर ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला वरणफळं कशी करायची ते शिकवत होती. जांभया नाहीत, नाकाला पाणी नाही, पायात गोळे नाहीत. कॅप्सूल घेतल्यावरची धावपळ नव्हती आणि न घेतल्यावरचं भिंतीकडं तोंडही नव्हतं. मधलीच कुणीतरी बाई होती, जिला मी फार लहानपणी कधीतरी पाहिलेलं असावं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "गोळी जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत. दहा मिनिटं धरा. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पोटात गेली की वाया गेली. आणि गोळ्या घरच्यांनी ताब्यात ठेवायच्या, समोर बसून द्यायच्या. कधी कधी माणूस गोळी थुंकून टाकतं." अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "ही देईल. हुशार हाय."

हुशार! त्या एका शब्दानं माझा घात केला. गोळ्यांची डबी माझ्या वह्यांच्या पेटीत, पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. पण पहिल्याच दिवशी अडचण दिसली. सकाळी आमच्या घरात दहा मिनिटं गप्प बसणं ही चैन कुणालाच परवडत नव्हती. मागच्या दारानं बायका ब्लाऊजपीस बघायला यायच्या, आत्याबाई चार चार वेळा हाक मारायची, आणि आई उत्तर देईना म्हटलं की विचारणार, तोंडात काय धरलंय? गावाला कळू द्यायचं नव्हतं. मग मला युक्ती सुचली. आई रोज अंघोळ करून पूजेला बसायची. आमच्या लिंगायतांत प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, बायकांनीसुद्धा. आणि आई त्या वेळात अवाक्षर बोलायची नाही. लहानपणी मी पडले, गुडघा फुटला, तरी पूजा सोडून ती उठली नव्हती, नुसता हात लांब करून मला जवळ ओढलं होतं. म्हणजे मौन आयतंच होतं! गोळी जिभेखाली, लिंग हातावर, कुणाची बोलायची बिशाद नाही.

आईला ते पटलं नाही. "तोंडात उष्टं घिऊन लिंगाला हात लावू का गं? आजवर पूजेच्या आदी पान्याचा थेंब घेतला न्हाई मी."

"औषध आहे ते. औषध कधी उष्टं असतं का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुला बरं व्हायचंय का नाही?"

या प्रश्नापुढं तिचं काही चालायचं नाही, हे मला चांगलं कळलं होतं आणि मी तो ऊठसूट वापरायचे. आईनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती देवाच्या देवळीपुढं पाटावर बसायची, मी तिच्या जिभेखाली गोळी ठेवायचे आणि समोर पुस्तक घेऊन बसायचे. ती लिंगाला भस्म लावायची, बेल वाहायची, तीर्थ घ्यायची, डोळ्यांना हात लावायची. पूजा तिची छोटीच, चार-पाच मिनिटांची. मग उरलेला वेळ ती डोळे मिटून बसायची, आणि घड्याळात दहा मिनिटं झाली की मी म्हणायचे, आ कर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला जांभया सुरू झाल्या. मग नाक गळायला लागलं. सहाव्या दिवशी भाकरीचा ठेका मोडला. थाप पडायची, थांबायची, पुन्हा एक पडायची. पडद्यापलीकडं अप्पांनाही ते ऐकू येत असणार, कारण त्यांचा कापड फाडायचा आवाजही थांबला. आई म्हणाली, "नंदे, गोळी लागू पडंना गं. पायातली हाडं कुनी पिळतंय असं हुतंय." मी दुकानातल्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वेळेवर देताय ना? तुमच्यासमोर?" मी छाती फुगवून सांगितलं, "माझ्या हातानं देते." "पाणी पीत नाहीत ना मधे?" "अजिबात नाही." त्या म्हणाल्या, "लक्ष ठेवा. पुढच्या आठवड्यात घेऊन या."

लक्ष ठेवा, म्हटलं की माझ्या डोक्यात एकच आलं. तिथं लागू पडत होती, इथं का पडत नाही? म्हणजे ही थुंकते. कुठं? पूजेचं उरलेलं पाणी ती परसात बेलाच्या आळ्यात ओतायची. मी त्या आळ्यात बोटं घालून माती चिवडली. आईनं ते दारातून बघितलं. मी तिची उशी उसवून बघितली, ज्वारीची कोठी पुन्हा उपसली. आत्याबाई तर चेकाळलीच. चहाचा कप आईच्या हातात द्यायच्या आधी ती आता डब्यांची झाकणं तपासायची. तिजोरीच्या खोलीला कुलूप लागलं. शेजारणीकडं आईनं पाच मिनिटं जायचं म्हटलं तरी मी बरोबर. आणि हे सगळं आम्ही तिच्या भल्यासाठी करत होतो बरं का, तोंडानं तसं म्हणतही होतो.

त्या सोमवारी पूजा झाल्यावर मी तिला उठू दिलं नाही. अप्पा दुकान उघडायला निघाले होते, त्यांनाही थांबवलं. म्हटलं, "आज सगळ्यांसमोर सांग. गोळी थुंकतेस का?"

"न्हाई."

"मधे पाणी पितेस?"

"न्हाई गं बाई. तूच तर समोर असतीस."

"खोटं बोलू नको. शपथ घे."

आईनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. तिच्या नाकाला पाणी होतं आणि ते पुसायला तिचा दुसरा हात रिकामा होता, पण तिनं पुसलं नाही. "लिंगाची आन. थुकले न्हाई. पानी पिले न्हाई."

आणि मी म्हणाले, "गोळीसाठी लिंगाचीसुद्धा खोटी शपथ घेतेस. तुला लाज म्हणून उरली नाही."

आजवर कुणाच्या भांडणात मागं न राहिलेल्या आत्याबाईनं हातानं तोंड झाकलं. आईनं मूठ उघडली, लिंग पदराआड सारलं आणि उठून चुलीकडं गेली. त्या दिवसापासून ती आमच्याशी बोलायची बंद झाली. सांगितलं ते करायची, गोळी घ्यायची, जीभ दाखवायची. आज माझी मुलगी मला म्हणते, आई, तू एवढी रागीट, पण कुणाला शपथ म्हणून कधी घालत नाहीस. मी तिला कारण सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि कड्याला, मामाला फोन लावला. मला पडद्याआडून ऐकू आलं. "थोडे दिस ऱ्हाऊ द्या तिकडं. बरी झाली की आनतो." आमच्याकडं अशी माहेरी पाठवलेली बाई कशी बरी होते हे मला माहीत होतं. गल्लीतली एक काकू अशीच 'थोडे दिवस' गेली होती, तिच्या जागी दुसरी आली तरी तिचे थोडे दिवस संपले नव्हते. मी अप्पांना म्हणाले, "नका ना पाठवू." अप्पा म्हणाले, "मंग काय करू, तूच सांग. तूच म्हनलीस ना खोटं बोलती म्हनून?" आत्याबाईनं आईची पिशवी भरली. चार लुगडी, भस्माचा गोळा, शेंगाच्या चटणीचा डबा. ठरलं असं, की अंबाजोगाईला उतरायचं, डॉक्टरीणबाईंकडून कागद घ्यायचे, आणि तिथून बीडची गाडी धरून पुढं कडा. मी पोचवायला जाणार नव्हते. पण सकाळी आई स्टँडवर निघाली तेव्हा गोळ्यांची डबी माझ्या हातात होती, ती द्यायच्या निमित्तानं मी गाडीत चढले आणि उतरलेच नाही.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं आई पिशवी मांडीवर घेऊन बसली. अप्पांनी थोडक्यात सांगितलं. गोळी थुंकते, कबूल करत नाही, आता माहेरी ठेवतोय, तिकडचा कुणी डॉक्टर असेल तर चिठ्ठी द्या. बाईंनी ऐकून घेतलं, आणि अप्पांशी न बोलता आईकडं वळल्या. "तुम्ही सांगा. मन कसं राहतं?"

त्या सोमवारनंतर आई पहिल्यांदाच बोलली. "पाय दुखत्यात ते सोसते मी. रात-रात बसून काढते. पर ही सगळी माज्याकडं बघत्यात ना बाई, चोराकडं बघावं तसं, ते न्हाई सोसत. माजी लेक झाडाच्या मुळात गोळी हुडकत हुती. तवा वाटलं, ती फिट आली त्यातच गेले असते तर बरं झालं असतं."

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. बाई म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही. मला फक्त सकाळ सांगा. उठल्यापासून काय काय करता, एकेक."

आईनं सांगायला सुरुवात केली. अंगण झाडते, पाणी तापवते, अंघोळ करते, पाटावर बसते. नंदा गोळी ठेवते. "मंग लिंग हातावर घेते. भस्म लावते. बेल वाहते. तीर्थ घेते. मंग डोळे मिटून..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "तीर्थ म्हणजे?"

आईला प्रश्नच कळला नाही. "तीर्थ म्हंजे तीर्थ. लिंगावर घालायचं, ते तळहातात जमतं, ते घ्यायचं."

"तोंडात?"

"मंग कुटं?"

"किती?"

"तीनदा. तळहात भरून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळी तोंडात असताना?"

"हां. ती तर ठेवलेलीच असती ना पयल्यापासून."

"अहो, म्हणजे पाणी पिता तुम्ही मधे."

आई एकदम ताठ झाली. त्या सगळ्या दिवसांत तिच्या आवाजात पहिल्यांदा जुनी धार आली. "पानी न्हाई हो बाई. तीर्थ हाय ते. तीर्थाला पानी म्हनू नये."

मी तिच्या शेजारी बसले होते. रोज तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसणारी मी, डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी मी. तीन वेळा तिचा तळहात ओठांपर्यंत जाताना रोज बघितला होता आणि मला दिसला नव्हता, कारण माझ्याही डोक्यात ते पाणी नव्हतंच. जन्मापासून आमच्या घरात कुणी तीर्थ 'प्यायलं' नव्हतं, सगळ्यांनी 'घेतलं' होतं. वॉर्डात सिस्टर गोळी दहा वाजता द्यायच्या, आईची पूजा त्याआधी केव्हाच उरकलेली असायची, म्हणून तिथं लागू पडत होती. घरी मी माझ्या हातानं गोळी ठेवत होते आणि माझ्याच युक्तीनं ती रोज तिच्या पोटात वाहून जात होती. आईची शपथ अक्षर न् अक्षर खरी होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मी पाणी म्हणाले. मला विचारायला सुचलं नाही." मग त्यांनी सांगितलं की पूजा आधी करा, तीर्थ घ्या, थोडा वेळ जाऊ द्या, मग गोळी. बस, एवढंच. नवी चिठ्ठीसुद्धा लागली नाही. तिथल्या तिथं त्यांनी आईच्या जिभेखाली एक गोळी ठेवली, आणि आम्ही तिघं बाकावर दहा मिनिटं गप्प बसून राहिलो. आईला बोलता येत नव्हतं. अप्पांना आणि मला येत होतं, पण आम्ही बोललो नाही.

स्टँडवर आलो तेव्हा बीडची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर दारात उभा राहून "बीड, बीड, बीड" ओरडत होता. आईनं पिशवी सावरली आणि तिकडं चालायला लागली, कारण तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा चार पावलं पुढं गेले, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि रस्त्यात बायकोशी कधी न बोलणारा तो माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "कुटं निगालीस? आपली गाडी तिकडं लागती." मग मामाला फोन करायचा राहिला, तो बिचारा दुसऱ्या दिवसापर्यंत कड्याच्या स्टँडवर चकरा मारत होता. घरी आत्याबाईला सगळं सांगितलं तर ती आधी डॉक्टरीणबाईंवर उखडली. "तीर्थाला पानी म्हनती! कसली शिकलेली!" पण दुसऱ्या दिवसापासून आई गोळी घेऊन बसली की तीच दारात ठाण मांडायची आणि आलेल्या बायकांना हाकलायची, "नंतर या. तिचं मौन चालूय."

लोक विचारतात, मग गोळी सुटली का? आत्ताही मी कुणाला ही गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न तोच असतो. बरीच वर्षं चालली. कमी होत गेली, मधे एकदा वाढवावी लागली, पुन्हा कमी झाली. मी ते मोजणं सोडून दिलं. मी दुसरंच ऐकत होते. आठवड्याभरात भाकरीचा ठेका परत आला. मग एक दिवस येसराचा वास आला. मग ती आत्याबाईशी मिठावरून भांडली, कडाकडा, आणि अप्पा पडद्याआड एकटेच हसले. आई माणसात आली ती त्या भांडणाच्या दिवशी, असं मी धरते. गोळीनं तिचं शरीर थाऱ्यावर आणलं, पण आपल्या घरात आपल्याला भांडायचा हक्क आहे हे तिला वाटायला त्याहून जास्त दिवस लागले.

माझ्याशी मात्र ती कामापुरतंच बोलत होती. परत आल्यानंतर पहिल्या सकाळी तिनं पूजा केली, तीर्थ घेतलं, थांबली, आणि मग माझ्यापुढं येऊन बसली. मी गोळी ठेवली. दहा मिनिटांनी तिनं आपणहून तोंड उघडलं आणि जीभ वर घेतली. मी म्हणाले, "नको, आई. दाखवू नको." तर ती म्हणाली, "बघून घे. मागनं म्हनशील." ते ती रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गोळ्यांची डबी तिच्याच हातात दिली आणि तिच्याकडं पाठ करून बसले. गोळी ठेव, थुंक, गीळ, फेक, तुझं तू बघ. असं तोंडानं म्हणाले नाही, पाठ फिरवली फक्त. मागं डबीचं झाकण वाजलं. मग माझ्या वेणीला हात लागला. तिनं दोन्ही वेण्या सोडल्या, फणी घेतली आणि केस विंचरायला लागली. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या वेण्या मीच घालत होते, तिला तेवढा वेळ हात वर धरवायचा नाही. आता तोंड बंद होतं, पण हात मोकळे होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. आणि मला कळलं, की बोलायचं तर आत्ताच, कारण आत्ता तिला उत्तर देता येणार नाही, आणि ती जे उत्तर देईल ते ऐकायची माझी छाती नव्हती. इतकी मी भित्री होते. मी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी जे बोलले ना, लाज उरली नाही म्हणून. ते मलाच कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं. तू खरं बोलत होतीस. मला माफ कर."

फणी थांबली. मग तिनं तीन पेड घेतले आणि वेणी अशी करकचून ओढली की माझी मान मागं गेली आणि डोळ्यांतून टचकन पाणी आलं. ती तसंच ओढत घालत गेली, शेवटपर्यंत, एकही पेड सैल सोडला नाही. दुसरीही तशीच. रिबिनीची गाठ मारून झाल्यावर तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर आले आणि तिथंच राहिले, कॅलेंडरच्या वरच्या घड्याळात दहा मिनिटं पुरी होईपर्यंत. मी वळले नाही. मग मागून तिचा आवाज आला.

"झालं," आई म्हणाली. "ऊठ आता. चुलीवरचं वरन उतू चाललंय."